शेजारवैर आणि गृहस्थाचा विवेक

मराठी भाषेने शेजाऱ्याशी वागण्याच्या रीतीला ‘शेजारधर्म’ असे नाव दिले आहे. आप्तांच्या बाबतीत आपण नाते म्हणतो, व्यापारात व्यवहार म्हणतो. शेजाराला मात्र भाषेने धर्माची पायरी दिली, हे विचार करण्यासारखे आहे. मित्र निवडता येतो. शेजारी बहुधा घराबरोबर पदरी येतो. अपरात्री कुणी आजारी पडले तर पहिला धावून येणारा तोच, आणि बिनसले तर रोज सकाळी दार उघडताच समोर उभा राहणाराही तोच. नातेवाइकाशी अबोला धरता येतो, देण्याघेण्याचा संबंध थांबवता येतो. सामाईक भिंत मात्र जागची हलत नाही. म्हणूनच शेजारवैर हे इतर वैरांहून अधिक झिजवणारे असते. त्याला सुट्टी नसते.

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची शेती बांध्यांतून होते आणि एका बांधीतले पाणी दुसऱ्या बांधीत उतरते. त्यामुळे येथे शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचा माणूस नव्हे, धुऱ्यापलीकडचाही. धुरा वीतभर सरकला, पाण्याची पाळी चुकली, पांदण रस्त्यावर कुणी काटे टाकले, की दोन घरांचे बोलणे बंद होते. गावठाणात सांडपाण्याची नाली, छपराच्या पागोळ्या, दारात बांधलेली जनावरे यांवरून तेच घडते. भंडारा, तुमसर, साकोली यांसारख्या गावांत त्याची जागा वाहन उभे करण्याची जागा, ध्वनिवर्धक आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळवलेला कॅमेरा यांनी घेतली आहे. कारणे बदलली तरी माणसाच्या मनात जे पेटते ते तेच राहते.

वैर कोठवर जाऊ शकते

या जिल्ह्याने शेजारच्या द्वेषाचे टोकाचे रूप पाहिले आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भैयालाल भोतमांगे यांचे कुटुंब राहत होते. हे बौद्ध कुटुंब कष्टाळू होते, मुले शिकत होती. बहुसंख्य इतर जातींच्या त्या गावात दलित घरे अगदी मोजकी होती. भोतमांगे यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावातील काहींशी त्यांचा दीर्घकाळ वाद चालला होता. सप्टेंबर २००६ च्या आरंभी त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या, शेजारच्या गावातील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. त्या प्रकरणात सुरेखा भोतमांगे यांनी साक्ष दिली. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी, जमावाने भोतमांगे यांच्या घरावर चाल केली. सुरेखाताई, त्यांची मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. भैयालाल एकटे वाचले.

तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या. न्यायालयांनी या कृत्यामागे सूडाची भावना मानली आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. या निष्कर्षावर महाराष्ट्रभर तीव्र टीका झाली. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल यांचे निधन झाले.

खैरलांजीला ‘शेजाऱ्यांचे भांडण’ म्हणणे हा अन्याय ठरेल. रस्त्याचा वाद हे निमित्त होते. त्यामागे जातीचा द्वेष उभा होता. परंतु नेमके याच कारणासाठी हे प्रकरण प्रत्येक गृहस्थाने लक्षात ठेवावे असे आहे. भांडणाला आपण कोणते नाव देतो, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. जिवाला धोका असताना त्याला ‘घरगुती कुरबुर’ म्हटले, की गाव, समिती आणि ठाणे यांची सावधगिरी सैल होते. उलट, कचऱ्याच्या टोपलीवरून झालेल्या बोलाचालीला ‘छळ’ म्हटले, की समेटाची वाट आपणच बंद करतो.

आधी नाव ओळखावे

म्हणून पहिले काम शेजाऱ्याला ओळखण्याचे नसून प्रसंगाला ओळखण्याचे आहे. स्थूलमानाने तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी गैरसोयीची. शेजाऱ्याच्या वागण्याने त्रास होतो, पण तो त्रास देण्यासाठी तसे वागतो असे नसते. पहाटे पंप सुरू होतो, कारण त्याला त्याच वेळी वीज मिळते. पाणी आपल्या अंगणात येते, कारण उतार तिकडे आहे. येथे अनेकांतदृष्टी हे केवळ स्वाध्यायाचे सूत्र राहत नाही, ते रोजच्या उपयोगाचे साधन होते. एकाच भिंतीच्या दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंनी ती खरी असते. आपल्या बाजूने जी कुरापत दिसते, ती त्याच्या बाजूने नाइलाज असू शकते.

दुसरी पायरी छळाची. येथे कृत्य वारंवार घडते, सांगितल्यावर वाढते आणि त्यात हेतू दिसतो. दारात घाण टाकणे, येता-जाता अपशब्द, मुलांना अडवणे, स्त्रियांकडे पाहून शेरे मारणे, खोट्या तक्रारी करणे, रोपे उपटणे ही त्याची लक्षणे.

तिसरी पायरी धोक्याची. ठार मारण्याची धमकी, शस्त्र दाखवणे, घरात घुसणे, स्त्रीचा पाठलाग, जमाव गोळा करणे, जातीवरून अवमान किंवा वाळीत टाकणे यांपैकी काहीही घडले, तर समजुतीचा अध्याय संपलेला असतो. तेथे संवादाचा आग्रह धरणे हा सद्गुण नव्हे, ती अविचारी उशीर करण्याची चूक होय.

संवादाची रीत

पहिल्या पायरीवरची बहुतेक भांडणे एका बैठकीत मिटतात. मात्र त्या बैठकीलाही रीत असते. राग आल्याच्या क्षणी कुंपणावरून ओरडून बोलू नये. दुसऱ्या दिवशी, शांत वेळी, त्याच्या घरी जाऊन किंवा त्याला बोलावून बोलावे. चारचौघांत सांगितलेली रास्त गोष्टही माणसाला अपमान वाटते. बोलताना एकच विषय घ्यावा. दहा वर्षांची थकबाकी काढू नये. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ या वाक्याने दार बंद होते. ‘रात्री दहानंतर आवाजाने आईची झोप मोडते, काही करता येईल का?’ या वाक्याने ते किलकिले होते.

मोबाइलवरच्या गल्लीच्या गटात तक्रार मांडण्याचा मोह अलीकडे फार वाढला आहे. तो आवरावा. तेथे लिहिलेला शब्द पुसला जात नाही, आणि ज्यांचा संबंध नाही तेही पक्ष घेतात. घरातील मुलांसमोर शेजाऱ्याची निंदा करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. मोठ्यांचे भांडण चार वर्षांत विझते. मुलांनी ऐकलेले वैर पुढच्या पिढीत जाते.

जमिनीचा वाद असेल तर बोलण्याआधी मोजावे. धुरा कोणाचा, हे आवाजाने ठरत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून मोजणी करून घेता येते. अर्ध्याअधिक वाद असे असतात की दोन्ही बाजू प्रामाणिक असतात, फक्त दोघांच्या मनातली हद्द वेगळी असते.

मध्यस्थ कोण असावा

दोघांचे जमले नाही तर तिसरा लागतो. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या कल्पनेतून आलेल्या या मोहिमेत गावोगावी समित्या स्थापन झाल्या. गावातला तंटा गावातच, कोर्टाची पायरी न चढता मिटावा, हा तिचा हेतू. हद्द, सांडपाणी, जनावरांनी केलेली नासाडी अशा वादांत अशी समिती आजही उपयोगी पडू शकते. पण समितीत बसलेले लोकच एका बाजूचे असतील, तर तेथे मिळतो तो न्याय नव्हे, दबाव. दुबळ्या बाजूला गप्प करून मिळवलेली शांतता फार दिवस टिकत नाही. गंभीर गुन्हे तर कोणत्याही समितीने ‘मिटवायचे’ नसतात.

समाजातील ज्येष्ठ, शाळेतील शिक्षक, दोन्ही घरांचा विश्वास असलेला डॉक्टर यांनाही मध्यस्थ करता येते. जो दोघांपैकी एकाचा देणेकरी किंवा सोयरा आहे, त्याला शक्यतो टाळावे. ठरले ते कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तोंडी समेटाची आठवण प्रत्येकाच्या सोयीने बदलत जाते.

याहून औपचारिक वाट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीला वैधानिक अधिष्ठान दिले. तेथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना, उत्पन्न कितीही असले तरी, या कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक १५१०० आहे.

कायद्याची पायरी

छळ थांबत नसेल तर नोंद ठेवण्यास आरंभ करावा. एका साध्या वहीत तारीख, वेळ, काय घडले, कोण उपस्थित होते, एवढेच लिहावे. विशेषणे लिहू नयेत. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, दवाखान्याचे कागद, दिलेल्या अर्जांच्या पोच असलेल्या प्रती एकत्र ठेवाव्यात. ही वही दोन कामे करते. अधिकाऱ्यासमोर ती पुरावा होते, आणि लिहिणाऱ्याला स्वतःलाही कळते की त्रास खरोखर किती आहे आणि रागाने किती मोठा दिसतो आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत. गृहस्थाने त्यांतील चार गोष्टी तरी जाणून घ्याव्यात. पहिली, अदखलपात्र तक्रार, जिला बोलीत ‘एनसी’ म्हणतात. तिची नोंद कलम १७४ प्रमाणे होते. पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. ‘तक्रार दिली, पण काहीच झाले नाही’ या निराशेचे मूळ पुष्कळदा येथे असते. तरीही ती नोंद निरर्थक नसते, कारण पुढच्या कारवाईला तीच आधार देते. दुसरी, कलम १२६. शांतताभंगाची भीती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी संबंधिताकडून एक वर्षापर्यंतचा शांतता राखण्याचा बंधपत्र घेऊ शकतो. शिक्षा न होता वचक बसवणारा हा उपाय शेजारवादात विशेष उपयोगी आहे. तिसरी, कलम १५२. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा किंवा लोकांच्या आरोग्याला बाधक असा उपद्रव दूर करण्याचा आदेश या कलमाखाली मिळतो. चौथी, कलम १७३. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यात घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

शेतीच्या वादांसाठी तहसीलदाराचे दार आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्यास दावा करता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘पाहू, बोलू’ म्हणता म्हणता ही मुदत टळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली हद्दीवरून रस्ता मागता येतो. वीस वर्षे अखंडपणे, शांततेने आणि हक्क म्हणून वापरलेली वाट, उजेड, हवा यांना १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे संरक्षण आहे. भिंत उठतच असेल, तर दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवण्याची घाई करावी. उठलेली भिंत पाडणे हे उठणारी थांबवण्याहून कितीतरी अवघड असते.

आवाजाच्या बाबतीत २००० चे ध्वनिप्रदूषण नियम स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ. हा नियम सण, लग्न आणि धार्मिक कार्यक्रम यांनाही लागू असतो. आपल्या समाजाच्या मिरवणुका आणि उत्सव यांच्या आयोजकांनीही तो स्वतःहून पाळावा.

वाळीत टाकण्याचा प्रकार असेल तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धोक्याच्या तिसऱ्या पायरीवर मात्र कोणताही अर्ज लिहीत बसू नये. ११२ क्रमांकावर संपर्क साधावा, घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना सुरक्षित ठिकाणी न्यावे आणि मग उरलेले काम करावे.

तक्रार केल्याने अहिंसेला बाध येतो का

अनेक श्रावक कुटुंबे वर्षानुवर्षे छळ सोसतात, कारण पोलिसांत जाणे त्यांना हिंसेसारखे वाटते. या शंकेचे उत्तर परंपरेतच आहे. आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्णपणे सोडायची. स्वतःचे, कुटुंबाचे वा दुर्बलाचे रक्षण करताना जो विरोध अटळ ठरतो, तो गृहस्थाच्या भूमिकेत निराळा मानला गेला. साधूचे महाव्रत आणि श्रावकाचे अणुव्रत यांत भेद ठेवला तो याचसाठी. कायद्याकडे जाणे हा तर प्रतिकाराचा सर्वांत सौम्य मार्ग, कारण त्यात हात उगारला जात नाही. प्रश्न हेतूचा आहे. त्रास थांबावा म्हणून तक्रार करणे वेगळे. त्याची जिरवावी म्हणून खोटी कलमे जोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सत्यव्रतही जाते आणि अहिंसाही.

भगवान पार्श्वनाथांच्या पूर्वभवातील मरुभूती आणि कमठ यांची कथा घरोघरी सांगितली जाते. कमठाचे वैर भवाभवांतून चालत राहिले, एवढे सर्वांना आठवते. पण कथेतील एक तपशील शेजारवैराच्या संदर्भात फार मोलाचा आहे. मरुभूती कमठाकडे क्षमा मागण्यास गेला, तेव्हाच कमठाने त्याच्यावर शिळा टाकली. क्षमा मरुभूतीच्या बाजूने खरी होती. समोरचा क्रोध अजून विझला नव्हता. यावरून गृहस्थाने एवढे घ्यावे की क्षमा मनात तत्काळ असावी, परंतु भेटीला जाताना विवेक सोडू नये. मनातून वैर काढून टाकणे आणि दाराची कडी काढून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार दिली आहे, त्याच्याविषयी मनात द्वेष नसणे शक्य आहे. कठीण आहे, पण शक्य आहे.

पर्युषण संपताना आणि क्षमावाणीच्या दिवशी आपण ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. ते बहुधा ज्यांच्याशी भांडण नाही अशांनाच म्हटले जाते. शेकडो ओळखीच्यांना एका क्षणात संदेश जातो आणि भिंतीपलीकडचे घर तेवढे राहून जाते. वास्तविक त्या शब्दांचा पहिला हक्क त्याच घराचा. प्रत्यक्ष जाणे सुरक्षित असेल तर जावे. नसेल तर विश्वासू मध्यस्थाकरवी निरोप पाठवावा. त्यातून लगेच मैत्री होईल असे नाही. पण पुष्कळदा असे घडते की समोरचाही पहिले पाऊल कोणी टाकावे याचीच वाट पाहत असतो.

आपण कसे शेजारी आहोत

शेवटी एक प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. आपल्या गच्चीवरून धुतलेले पाणी कोणाच्या अंगणात पडते? आपल्या दुकानाचे वाहन कोणाच्या दारात उभे राहते? आपल्या खाण्यापिण्याच्या नियमांवरून शेजाऱ्याला कधी हिणवले जाते का? घर भाड्याने देताना आपण कोणाचे आडनाव ऐकून दार लावून घेतो? छळ करणारा शेजारी स्वतःला छळ करणारा कधीच समजत नाही. त्याच्या दृष्टीने तो आपला हक्कच बजावत असतो.

आणि आपल्या गल्लीत दुसऱ्याच कुणाचा छळ होत असेल, तर ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून खिडकी लावून घेऊ नये. ज्या गावात त्रास सोसणाऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला दहा घरे उभी राहतात, तेथे एकटे घर लक्ष्य होत नाही. खैरलांजीत त्या संध्याकाळी एका कुटुंबाच्या बाजूने शेजार उभा राहिला नाही. शेजारधर्म या शब्दातील धर्म तेथेच कसाला लागतो.